नारायण पेठ ते कृष्णविवर

नारायण पेठेतला केसरीवाडा पुणेकराला दोन कारणांनी माहीत असतो. एक म्हणजे तिथून निघणारे वृत्तपत्र, आणि दुसरे म्हणजे गणेशोत्सवातला मानाचा पाचवा गणपती. बडोद्याच्या गायकवाडांचा हा वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली विकत घेतला. त्याच्या धन्याचा आणखी एक ध्यास होता, त्याची आठवण मात्र फारशी निघत नाही. तो ध्यास पंचांगाचा. टिळकांचे नाव आजही एका पंचांगाला आहे ते उगीच नाही. पंचांगात छापलेले ग्रहण त्याच घटकेला आकाशात लागलेच पाहिजे, लागले नाही तर चूक आकाशाची नसून गणिताची, हे त्यामागचे म्हणणे. ज्योतिषी याला दृक्प्रत्यय म्हणतात.

हा हट्ट टिळकांना गुरूंकडून मिळाला. डेक्कन कॉलेजात त्यांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक काढले. जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि दुर्बिणीतून दिसणारी स्थाने यांत पडलेले अंतर भरून काढणे हा त्याचा हेतू. पुढे आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने त्याच गणितावर नवे पंचांग निघू लागले आणि पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' लिहिले तेव्हाही हत्यार तेच होते. वसंतसंपात मृग नक्षत्रात केव्हा होता, हे गणिताने मागे जाऊन काढायचे आणि त्यावरून वेदांचा काळ ठरवायचा.

पण गणित आकाशाशी ताडून पाहण्याची ही रीत एका जागी येऊन अडते. तारा स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो, कोसळतच राहतो, आणि शेवटी समीकरण म्हणते की इथे घनता अनंत, वक्रता अनंत, आणि इथून पुढे मला काही सांगता येत नाही. भौतिकशास्त्रात या जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. तिच्याभोवती असे क्षितिज असते की आतले काहीच बाहेर येत नाही. मग दृक्प्रत्यय घ्यायचा तो कसा? गेली नव्वद वर्षे ज्यांनी या प्रश्नाशी झुंज घेतली, त्यांतल्या बऱ्याच जणांची वाट पुण्यावरून गेली आहे, आणि त्या वाटेचा एक धागा टिळकांच्या नावाशीही येऊन मिळतो.

पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापकपद होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या पदावर विष्णु वासुदेव नारळीकर आले. १९०८ साली कोल्हापुरात जन्मलेले हे रँग्लर केंब्रिजमध्ये एडिंग्टनसारख्यांच्या सहवासात शिकले होते. पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून १९३२ साली ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. व्यापक सापेक्षता हा विषय तेव्हा भारतात शिकवणारेच मोजके होते. पुढची जवळपास तीन दशके नारळीकरांनी बनारसमध्ये त्या विषयाचे घराणे उभे केले. गाण्यातल्या घराण्यांसारखेच याही घराण्यात गुरूने एक बंदिश द्यायची आणि शिष्याने ती आपल्या अंगाने वाढवायची.

त्या काळची मुख्य बंदिश श्वार्झशिल्डची होती. पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर असताना कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढले. ते १९१६ साली छापून आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात श्वार्झशिल्ड वारले. एका गोल, स्थिर वस्तुमानाच्या बाहेर अवकाशकालाची भूमिती कशी असेल, हे ते उत्तर सांगते. त्यात दोन ठिकाणी भागाकाराखाली शून्य येते. एक जागा केंद्रापासून काही अंतरावर आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानाला हे अंतर साधारण ३ किलोमीटर भरते. दुसरी जागा म्हणजे ऐन केंद्र.

पहिल्या जागेने गणितज्ञांना कित्येक वर्षे चकवले. पुढे कळले की ती अडचण मोजपट्टीची आहे. पृथ्वीच्या नकाशावर उत्तर ध्रुवापाशी सगळी रेखावृत्ते एका बिंदूत येऊन मिळतात, म्हणून काही पृथ्वीला तिथे भोक पडत नाही. तसेच इथे. तिथून आत पडणाऱ्या माणसाला त्या क्षणी काही विशेष जाणवायचेही नाही, फक्त परतीचा रस्ता संपलेला असेल; हेच ते क्षितिज. दुसरी जागा मात्र खरी. केंद्राकडे जाताना पायाला आणि डोक्याला बसणाऱ्या ओढीतला फरक वाढत वाढत कुठल्याही आकड्याच्या पलीकडे जातो. मोजपट्टी बदलली तरी तो हटत नाही.

बी. दत्त या भारतीय गणितज्ञाने १९३८ साली एका जर्मन नियतकालिकात धुळीच्या कोसळत्या गोळ्याची समीकरणे सोडवून दाखवली. पुढच्याच वर्षी ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी अमेरिकेत तेच गणित ताऱ्याला लावले. त्यांचा निबंध छापून आला १ सप्टेंबर १९३९ रोजी, दुसरे महायुद्ध पेटले त्याच दिवशी. दोन्हींचा निष्कर्ष एकच होता, कोसळणे थांबत नाही. पण त्यावर आक्षेपही सरळ होता. तुम्ही गोळा अगदी गोल घेतलात, धुळीला दाब दिला नाहीत, परिवलन दिले नाहीत. सगळे कण नेमके केंद्राकडेच सोडले तर ते केंद्रात आदळणारच. खरा तारा थोडा वाकडा असतो, फिरत असतो. त्याचे कण एकमेकांना चुकवून पलीकडे निघून जातील. म्हणजे ही अनंतता निसर्गातली नाही, गणित सोपे करण्यासाठी केलेल्या लबाडीतली आहे.

हा आक्षेप पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकला, आणि तो टिकण्यासारखाच होता.

बनारसमध्ये नारळीकरांकडे १९४२ साली एक तरुण गुजराती शिक्षक आले, प्रल्हाद चुनीलाल वैद्य. नोकरी नाही, शिष्यवृत्ती नाही. बायको आणि तान्ही मुलगी बरोबर, आणि गाठीला साठवलेली पुंजी. तिच्यावर त्यांनी सुमारे दहा महिने काढले. श्वार्झशिल्डच्या उत्तरात ताऱ्याभोवती निखळ पोकळी असते, पण खरा तारा तर सतत प्रकाश फेकत असतो आणि त्याचे वस्तुमान घटत असते. मग त्याच्या बाहेरची भूमिती कशी असेल? वैद्यांनी वस्तुमानाचा स्थिर आकडा काढून त्या जागी काळाबरोबर बदलणारे वस्तुमान बसवले. हा काळ मोजायचा कसा, ही त्यातली खरी खुबी होती. १९४३ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा छोटा निबंध आला. या भूमितीला मिळालेले 'वैद्य मेट्रिक' हे नाव आज जगातल्या सापेक्षतेच्या अनेक पाठ्यपुस्तकांत भेटते. दहा महिन्यांच्या पुंजीवर एवढे मोठे काम उभे राहिल्याची उदाहरणे फार नसतील. पुढे हेच मेट्रिक उलट्या दिशेने, म्हणजे बाहेरून आत कोसळणाऱ्या प्रकाशासाठी वापरले गेले, आणि सिंग्युलॅरिटी कशी जन्माला येते हे पाहण्याची ती प्रयोगशाळाच झाली.

आक्षेपाला पहिला धक्का कोलकात्यातून बसला. अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली गोलाई, समरूपता असले काहीही न धरता एक समीकरण मांडले. एकत्र वाहत जाणाऱ्या कणांचा पुंजका घ्या. त्याचे आकारमान वाढेल की आकसेल? पुंजका पिळला गेला, एका बाजूने चपटा आणि दुसऱ्या बाजूने लांब झाला, तर आकसणे अधिकच वेगाने होते. तो स्वतःभोवती फिरत असेल तर आकसण्याला विरोध होतो. आणि गुरुत्वाकर्षण जोवर ओढण्याचेच काम करते, तोवर त्याचा हिशेब नेहमी आकसण्याच्याच बाजूने जातो. ताऱ्याच्या वाकडेपणामुळे सुटका होईल ही आशा इथे डळमळली. वाकडेपणा उलट मदतच करतो कोसळायला.

काही वर्षांतच नारळीकरांचे घराणे पुढच्या पिढीत पोचले. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम करत होते. विश्वाचा आरंभ एका सिंग्युलॅरिटीत झाला हे दोघांनाही मान्य नव्हते. १९६४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, त्याच्या शीर्षकातच सिंग्युलॅरिटी टाळण्याचा उल्लेख होता. त्यांनी विश्वात एक नवे क्षेत्र मानले. त्याची ऊर्जा ऋण असते. ऋण ऊर्जा ओढत नाही, ढकलते, त्यामुळे रायचौधुरींच्या हिशेबातली 'गुरुत्वाकर्षण ओढतेच' ही अट मोडते आणि आकसणारा पुंजका अनंताला पोचण्याआधी परत फिरतो. आज त्यांच्या आरंभ नसलेल्या, स्थिर-स्थिती विश्वाला फार पाठीराखे उरलेले नाहीत. तरीही कडेकोट तटबंदीत फट नेमकी कुठे आहे हे जयंतरावांनी बरोबर हेरले होते, हे मान्य करावेच लागते. पुढे सिंग्युलॅरिटी टाळण्याचे जे जे गंभीर प्रयत्न झाले, त्यांतले बहुतेक त्याच अटीशी झगडले.

त्यांच्या शेजारच्या खोलीत तेव्हा एक संशोधक विद्यार्थी बसत असे. तो जयंतरावांकडून हॉईल-नारळीकर सिद्धांताचे गणित समजून घेई. त्या विद्यार्थ्याचे नाव स्टीफन हॉकिंग. हॉईल यांनी रॉयल सोसायटीत हे काम मांडले तेव्हा भर सभेत उठून त्याने त्यातल्या एका बेरजेवर बोट ठेवले, ती बेरीज अनंत भरते म्हणून. दोघांची मैत्री मात्र टिकली.

आणि १९६४ च्या शरद ऋतूत लंडनला रॉजर पेनरोज एका मित्राबरोबर गप्पा मारत रस्ता ओलांडत होते. रस्ता ओलांडताना गप्पा थांबल्या, पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या. संध्याकाळी पेनरोजना उगाच हुरूप जाणवू लागला. कशाचा, ते आठवेना. सबंध दिवस उलटा आठवत ते त्या रस्त्यापाशी पोचले आणि तिथे सुचलेली कल्पना हाती लागली. ती कल्पना अशी. एखाद्या गोल पृष्ठभागावरून प्रकाश सोडा. एरवी बाहेर जाणारा प्रकाश पसरतो, आत जाणारा आकसतो. गुरुत्वाकर्षण पुरेसे तीव्र झाले की बाहेर सोडलेला प्रकाशही आकसू लागतो. असा 'अडकलेला पृष्ठभाग' एकदा तयार झाला की रायचौधुरींचे समीकरण उरलेले काम करते. तारा गोल असो, वाकडा असो, फिरता असो, आत कुठेतरी प्रकाशाची वाट तुटणारच. जानेवारी १९६५ मध्ये हा निबंध आला. त्यासाठी पेनरोजना २०२० साली नोबेल मिळाले.

मात्र या सिद्धांताने एक गोष्ट सांगितली नाही. वाट तुटते एवढेच तो म्हणतो. तुटताना काय दिसते, अनंतता कशी असते, हे तो सांगत नाही. पुढची साठ वर्षे त्या 'कशी'त गेली आहेत.

मराठी वाचकाच्या घरात हा विषय शिरला तो एका कथेच्या दाराने. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक होते नारायण विनायक जगताप. हे नाव टोपण होते. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर निघतात. आपले नाव पाहून परीक्षकांचे मत झुकू नये म्हणून त्यांनी ते झाकले होते. गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ मंदावते, हे त्या कथेने मराठी वाचकाला समीकरणाशिवाय सांगितले. आज शाळकरी मुलगाही 'ब्लॅक होल' इतक्याच सहजतेने 'कृष्णविवर' म्हणतो, त्याचे मोठे श्रेय या माणसाच्या लेखणीकडे जाते. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न विचार, उत्तराखाली सही मिळेल.

आता या प्रश्नाचे दुसरे टोक. तारा नाही, धूळ नाही, वस्तुमानाचा कणही नाही, नुसत्या दोन लहरी रिकाम्या अवकाशात समोरासमोर आल्या, तर?

पाण्यातल्या लहरी एकमेकींतून आरपार जातात आणि पलीकडे होत्या तशा निघतात. प्रकाशाच्याही तशाच. गुरुत्वीय लहरींचे तसे होत नाही, कारण लहर म्हणजे अवकाशकालाचीच वळी, आणि वळीवरून जाणारी दुसरी वळी सरळ जाऊ शकत नाही. १९७० साली पीटर सेकेरेश यांनी आणि १९७१ साली खान व पेनरोज यांनी 'नेचर'मध्ये याचे अचूक गणित दिले. डोळ्यांसमोर असे आणावे: जमिनीवर चुन्याच्या कणांनी एक वर्तुळ काढले आहे आणि वरून लहर येते. कण एका दिशेने जवळ येतात, काटकोनातल्या दिशेने लांब जातात, वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. लहर गेली तरी कणांना मिळालेला तो वेग उरतो, आणि एका दिशेचे कण एकमेकांकडे सरकतच राहतात. भिंगातून गेलेला प्रकाश भिंग मागे पडल्यावरही नाभीकडे जातो, तसे. प्रत्येक लहर दुसरीसाठी असे भिंग होते. टकरीनंतर दोन्ही लहरी एकमेकींना आवळू लागतात, पिळणे वाढते, आणि रायचौधुरींचा हिशेब आपले काम करतो. ठरावीक काळानंतर वक्रता अनंत होते. पोकळीतून, निव्वळ लहरींतून, सिंग्युलॅरिटी जन्मते.

या गणितातली लहर अनंत पसरलेली सपाट भिंत असते, हे इथेच सांगितले पाहिजे. अशी लहर विश्वात नाही. खऱ्या लहरी गोलाकार पसरतात आणि क्षीण होत जातात, त्यांची नाभी कधी येतच नाही. तरीही सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यासारख्या माणसाने उतारवयातली कितीतरी वर्षे या टकरींना दिली. त्याचे कारण पुण्यातच, त्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले.

१९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था स्थापन झाली. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या वास्तूच्या मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. २८ डिसेंबर १९९२ रोजी ती वास्तू राष्ट्राला अर्पण झाली. अर्पणाचे व्याख्यान द्यायला शिकागोहून ८२ वर्षांचे चंद्रशेखर आले होते. नोबेलविजेते, श्वेतबटू ताऱ्यांच्या वजनाची मर्यादा ठरवणारे. व्याख्यानाचा विषय मात्र कुणाच्या मनातही आला नसता: क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रमालिका आणि व्यापक सापेक्षतेचा भूप्रदेश.

मोनेने गवताच्या त्याच गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या. सकाळी, संध्याकाळी, बर्फात, उन्हात. पॉप्लरची तीच रांग पुन्हा पुन्हा. चित्रे वेगळी, आणि एकेक पाहताना सुंदर. पण सगळी शेजारी लावली की कळते, बदलतो तो प्रकाश, खालची रचना तीच आहे. चंद्रशेखरांना स्वतःच्या कामात हेच दिसले होते. फिरत्या कृष्णविवराचे उत्तर रॉय केर यांनी १९६३ साली काढले होते. ते उत्तर अर्न्स्ट यांच्या समीकरणाच्या सर्वांत साध्या उकलीतून निघते. १९८४ साली चंद्रशेखर आणि व्हॅलेरिया फेरारी यांनी दाखवले की दोन लहरींच्या टकरीचे गणितही त्याच समीकरणाने मांडता येते, आणि तीच साधी उकल तिथे ठेवली की नुत्कु आणि हलील यांनी पूर्वी काढलेली टक्कर मिळते. एकीकडे युगानुयुगे स्थिर असलेले कृष्णविवर, दुसरीकडे क्षणात घडून जाणारी टक्कर, आणि खाली गंजी तीच.

त्यांच्याबरोबर या कामात बासिलिस झांथोपूलोस हा ग्रीक तरुण होता. १९८६ साली दोघांनी लहरींच्या टकरीतून एका नव्या प्रकारची सिंग्युलॅरिटी जन्मते असे दाखवले. त्यांच्या या उत्तरात टकरीनंतर लगेच अनंतता येत नाही. आधी एक क्षितिज येते, आणि सिंग्युलॅरिटी असलीच तर ती त्याच्या पलीकडे असते. मधल्या प्रदेशाची भूमिती तपासली तर ती केरच्या कृष्णविवरात दोन क्षितिजांच्या मध्ये जी भूमिती असते, तिच्याशी जुळते. टकरीच्या आत कृष्णविवराचे अंतरंग सापडले! १९९० च्या नोव्हेंबरात क्रीटमध्ये परिसंवाद चालू असताना एका बंदूकधाऱ्याने झांथोपूलोस यांना ठार मारले. पुण्यातले व्याख्यान झाले तेव्हा या घटनेला जेमतेम दोन वर्षे झाली होती.

ते क्षितिज टिकाऊ नव्हते. उलवी युर्तसेव्हर यांनी दाखवले की जराशी गडबड मिसळली तरी ते मोडते आणि त्या जागी सिंग्युलॅरिटीच येते. कृष्णविवराच्या पोटातही नेमके असेच घडते. फिरत्या कृष्णविवराला आतले एक दुसरे क्षितिज असते. बाहेरून पडणारा प्रकाश आणि लहरी त्या क्षितिजापाशी दाटत जातात, कारण तिथे पोचणाऱ्याला बाहेरच्या विश्वाचा सगळा काळ क्षणात उरकताना दिसतो. उलट दिशेने जाणारी थोडीशी ऊर्जा त्या लोंढ्याला छेदते. दोन प्रवाहांची ही टक्करच. १९९० साली एरिक पॉयसन आणि वर्नर इस्रायल यांनी हिशेब मांडला, तेव्हा आतले वस्तुमान अनंताकडे फुगताना दिसले. बाहेरून पाहणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. कृष्णविवराची सिंग्युलॅरिटी आणि टकरीची सिंग्युलॅरिटी वेगळ्या काढता येत नाहीत त्या अशा. २००९ साली दिमित्रियोस ख्रिस्तोदूलू यांनी आणखी एक दुवा पक्का केला. पोकळीत पुरेशा जोरदार लहरी सगळीकडून एका जागी आल्या, तर वस्तुमानाच्या कणाशिवाय पेनरोजचा अडकलेला पृष्ठभाग तयार होतो, हे त्यांनी सिद्ध केले.

पुण्यात दरम्यान विष्णुपंतांचे शिष्य नरेश दधिच घराणे पुढे चालवत होते. त्यांनी १९७० साली पुणे विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती. आयुका उभी राहण्याआधीच, १९८५ साली, संजय वाघ, संजीव धुरंधर आणि दधिच या तिघांनी फिरत्या कृष्णविवरातून ऊर्जा काढण्याची पेनरोजची रीत चुंबकीय क्षेत्राच्या साथीने पुन्हा व्यवहार्य ठरवली. १९९० साली होसे सेनोविया या स्पॅनिश गणितज्ञाने सिंग्युलॅरिटी मुळीच नसलेले विश्व काढून दाखवले. त्यात ऋण ऊर्जा नव्हती, पेनरोजचा अडकलेला पृष्ठभागच कुठे तयार होत नव्हता. दधिच यांनी रमेश तिकेकर आणि एल. के. पटेल यांच्यासह अशा विश्वांचा पाठपुरावा केला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी आणि इंद्रेश द्विवेदी यांनी वैद्य मेट्रिक उलटे वापरून दाखवले की आत कोसळणारा प्रकाश पुरेसा हळू येत असेल तर सिंग्युलॅरिटी क्षितिजाआधी जन्मते, म्हणजे उघडी राहते, दिसू शकते. निसर्ग सिंग्युलॅरिटी नेहमी झाकूनच ठेवतो, हे पेनरोजचे १९६९ चे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही, त्याला या कामाने आव्हान दिले.

आणि खानदेशातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर. शिकागोला डॉक्टरेट केलेल्या अष्टेकरांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली. त्यातून उभ्या राहिलेल्या लूप क्वांटम ग्रॅव्हिटीत अवकाश अखंड नसतो, त्याला कण असतात. क्षेत्रफळाला किमान मर्यादा असते, म्हणून वक्रता अनंताला जाऊ शकत नाही. २००६ साली पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्याबरोबर त्यांनी महास्फोटाच्या जागी उसळी दाखवली: आकसणारे विश्व एका कमाल घनतेपाशी पोचते आणि परत पसरू लागते. २०१८ मध्ये ओल्मेदो आणि सिंग यांच्यासह त्यांनी कृष्णविवराच्या अंतरंगाला हाच विचार लावला. जयंतरावांनी ऋण ऊर्जेने जे साधू पाहिले, ते अष्टेकरांनी अवकाशाच्या विणीतून साधू पाहिले. वाटा वेगळ्या असल्या तरी या दोन मराठी माणसांना पटेनासे झाले ते एकच, समीकरणाचे हात टेकणे.

राहिला दृक्प्रत्यय. छत्र्यांनी कोष्टके आधी केली आणि मग ती आकाशाशी ताडली. आयुकात संजीव धुरंधर यांनी वेगळ्या आकाशासाठी तेच केले. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकात मिसळताना लहर कशी उठेल, हे गणिताने आधी काढून ठेवायचे, असे हजारो नमुने तयार ठेवायचे, आणि उपकरणाच्या गोंगाटात त्यांतला कुठला बसतो ते पाहायचे. बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांचा १९९१ चा निबंध या रीतीच्या पायाभरणीत मोडतो. तेव्हा गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो ही वेधशाळा उभी राहायची होती.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन केंद्रांवर, सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने, तो नमुना बसला. ३६ आणि २९ सूर्यांएवढी दोन कृष्णविवरे, मिळून झालेले ६२ सूर्यांचे एक, आणि ३ सूर्यांएवढे वस्तुमान लहरींत गेलेले. स्वर चढत गेला आणि सेकंदाच्या पाचव्या भागात मावळला. त्या लहरीने चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका होता. १४ जानेवारी २०२५ ला आलेली लहर त्याहून कितीतरी स्वच्छ होती. तिच्यावरून मोजले गेले की दोन कृष्णविवरांच्या क्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ विलयाआधी सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. विलयानंतर ते सुमारे ४,००,००० झाले, महाराष्ट्राहून बरेच जास्त. क्षितिजाचे क्षेत्रफळ कधी घटत नाही, हे हॉकिंग यांनी १९७१ साली सांगितलेले गणित आकाशाशी जुळले.

जुळले ते क्षितिजापर्यंतचे. त्याच्या आत, जिथे दोन्हीकडच्या सिंग्युलॅरिटी एक झाल्या असतील, तिथून एकही लहर बाहेर आलेली नाही.

मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. दृक्प्रत्ययाचे काम मात्र पुढे चालू आहे: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची जागा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिथेही काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू असतील, आणि लहर आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून आली हे आजच्यापेक्षा किती तरी नेमके सांगता येईल.